काचा बसवण्याआधी चष्मा तपासा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी छत्रपती संभाजीनगरला साइट इंजिनिअर आहे, वय ४४. दोन्ही डोळ्यांना मायनस सव्वातीन नंबर आहे. वर्षापूर्वी जवळचा प्लस एक लागला, म्हणून प्रोग्रेसिव्ह काचा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) वापरतो. स्लॅब भरण्याआधी सळईचे फोटो काढावे लागतात. एका हातात टेप, दुसऱ्या हातात ड्रॉइंग, मग फोन कुठे धरायचा? कॅमेऱ्याचा स्मार्ट चष्मा घ्यावा असं मनात आहे, बजेट चाळीस हजार. पण व्हिडिओ बघून गोंधळ वाढला. एक जण म्हणतो बॅटरी दिवसभर पुरते, दुसरा म्हणतो दोन तासांत संपते. खरं कोणाचं धरायचं? आणि पैसे देण्याआधी आपलं आपण काय तपासायचं?"

दोघांचंही खरं असू शकतं. रे-बॅन मेटा या कॅमेऱ्याच्या स्मार्ट चष्म्याच्या पहिल्या पिढीला कंपनी ४ तास सांगते आणि दुसऱ्या पिढीला ८ तास. पण हे ८ तास मिश्र वापराचे आहेत, म्हणजे थोडे फोटो, थोडं बोलणं आणि बराच वेळ नुसता डोळ्यावर. त्याच दुसऱ्या पिढीवर सलग ऑडिओ ऐकलात तर कंपनीचाच आकडा ५ तासांवर येतो. व्हिडिओ काढत राहिलात तर त्याहून पुष्कळ कमी. पहिल्या पिढीच्या काडीत बसलेली बॅटरी १५० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास आहे, तर हल्लीच्या फोनमध्ये ५,००० ची असते. एवढ्याशा साठ्यावर कॅमेरा, वायफाय, ब्लूटूथ, पाच माइक आणि दोन स्पीकर चालतात. त्यामुळे कोणी काय वापरलं यावर आकडा दुप्पट-तिप्पट हलतो. ज्या परीक्षणात "अमुक मिनिटं व्हिडिओ, अमुक मिनिटं कॉल, हाकेचा शब्द (जो म्हटला की चष्मा ऐकू लागतो) चालू की बंद" हे लिहिलेलं नाही, त्यातला बॅटरीचा आकडा बाजूला ठेवा. परीक्षणाची तारीखही पाहा. याच चष्म्यात सुरुवातीला एका वेळी ६० सेकंदांचाच व्हिडिओ निघायचा, पुढे अपडेटनं ती मर्यादा ३ मिनिटांवर नेली. जुनं परीक्षण खोटं नसतं, पण ते आता वेगळ्याच चष्म्याबद्दल असतं.

आता तुमच्या बाबतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी व्हिडिओंमध्ये सहसा येत नाही. तुम्हाला नंबर आहे. नंबर नसलेला माणूस चष्मा डबीत ठेवून चार्ज करतो तेव्हा त्याचं काही अडत नाही. मायनस सव्वातीनवाल्याचा चष्मा डबीत गेला की त्याची नजरच डबीत गेली. डबीतून आणखी ३२ तास किंवा ४८ तास मिळतात असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ते तास तुम्हाला हवे असतील तर साइटवर दुसरा, साधा चष्मा कायम जवळ हवा. पहिल्या पिढीला पूर्ण चार्ज व्हायला सुमारे ७५ मिनिटं लागतात. दुसऱ्या पिढीला निम्म्या चार्जसाठी २० मिनिटं, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत काम होतं. चार्जचा वेळ तुमच्यासाठी कॅमेऱ्याच्या फरकापेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट तपासण्याच्या क्रमाची. एकदा तुमच्या नंबरच्या काचा कापून बसवल्या की चष्मा परत घ्यायला कोणी तयार होत नाही. म्हणून आधी डेमो काचांवर, म्हणजे फ्रेमसोबत येणाऱ्या बिननंबरी काचांवर, सगळ्या चाचण्या करा, मग काचांची ऑर्डर द्या. विकत घेण्याआधी दुकानदाराला किंवा ऑनलाइन विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: पैसे परत, की फक्त बदलून? इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर बरेचदा "फक्त बदलून" असतं, आणि ते वस्तू बिघडली असेल तरच. नाकावर बसत नाही हा त्यांच्या हिशेबात बिघाड नसतो. फक्त बदलूनच मिळणार असेल, तर खालच्या चाचण्यांपैकी वजनाची आणि हेल्मेटची चाचणी दुकानातच करून घ्या.

तुम्हाला वाटेल, डेमो काचांतून दिसणारच नाही तर तपासायचं काय? पण उणे सव्वातीनचा डोळा चष्म्याशिवाय साधारण ३० सेंटिमीटरवर स्पष्ट पाहतो. फोनचा पडदा तेवढ्यावर धरला की काढलेले फोटो, बॅटरीचे टक्के, ॲपमधल्या सेटिंग्ज सगळं दिसेल. फक्त डेमो काचांनी साइटवर जाऊ नका आणि गाडी चालवू नका. धुळीच्या साइटवर फक्त चाचणीसाठी कॉन्टॅक्ट लेन्स घालण्याचा विचारही सोडा.

आधी बसणं तपासा. रे-बॅन मेटाच्या वेफेअरर फ्रेमचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास आहे. घरच्या वजनकाट्यावर तुमचा आत्ताचा चष्मा ठेवून पाहा, बहुधा निम्मंही भरणार नाही. नंबरच्या काचा डेमो काचांपेक्षा जड असतात, तेव्हा आज नाकाला जे जाणवेल त्यात थोडी भर धरा. दोन तास सलग घाला. काढल्यावर नाकावरच्या खुणा पाहा आणि कानामागे दुखतं का पाहा. मग खरी परीक्षा: चेहऱ्यावर थोडं पाणी लावा आणि फूटिंगच्या खड्ड्यात डोकावताना वाकता तसं दहा वेळा वाका. चष्मा घसरला तर नुसती चिडचिड होत नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत दूरचा, मधला आणि जवळचा नंबर वरून खाली उतरत जातो. चष्मा ३-४ मिलिमीटर खाली आला की ड्रॉइंग वाचायला मान मागे टाकावी लागते आणि संध्याकाळी मान धरते.

साध्या फ्रेमला यावर इलाज असतो. चष्मेवाला काडी गरम करून कानामागे वाकवतो. स्मार्ट चष्म्यात काडीच्या आत बॅटरी, सर्किट आणि स्पीकर असतात, तिथे उष्णता द्यायची नसते. वाकवायला उरतं ते फक्त काडीचं अगदी टोक, काही मॉडेलमध्ये तेही नाही. म्हणजे जी फ्रेम आज बसत नाही ती नंतर बसवता येईल या आशेवर घेऊ नका. नाकाचा पूल चपटा असेल तर कंपनी त्यासाठी वेगळा आकार देते का ते विचारा.

साइटवर तुम्ही सेफ्टी हेल्मेट घालता आणि येता-जाता बहुधा दुचाकीचं. दोन्ही दुकानात घेऊन जा, लाजू नका. स्मार्ट चष्म्याची काडी साध्या काडीपेक्षा बरीच जाड असते. पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये ती आत सरकता सरकत नाही, सरकली तर कानाच्या वर दाब येतो. तो पाच मिनिटांत कळत नाही, वीस मिनिटांनी कळतो. साइटच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा काडीवर येतो का, आणि हेल्मेटची कड फोटोच्या बटणावर दाबली जाते का, तेही पाहा. ते बटण काडीच्या वरच्या कडेला असतं आणि हेल्मेटनं दाबलं गेलं की नकळत फोटो निघत राहतात. दुचाकीवर या चष्म्यावरून फोनवर बोलण्याची चाचणी करू नका, नंतर बोलूही नका.

आता तुमचं मुख्य काम, सळईचे फोटो. पहिल्या पिढीत १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, फोटो ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा, आणि तो उभा निघतो. लेन्स खूप रुंद कोनाची आहे. रुंद कोनात दोन अडचणी येतात. एक, कडेच्या सरळ रेषा वाकतात. कॉलमच्या रिंगा मधोमध बरोबर अंतरावर दिसतील आणि कडेला ताणलेल्या किंवा दाटलेल्या भासतील. फोटोवरून कोणी अंतर मोजायला बसलं तर वाद होईल. दुसरी अडचण अशी की एवढं सगळं दृश्य तेवढ्याच पिक्सेलमध्ये कोंबल्यावर टेपवरचे आकडे उरत नाहीत.

हे तपासायला घरची भिंत पुरे. भिंतीवर टेप आडवा चिकटवा, बरोबर एक मीटरवर उभे राहा, फोटो काढा. रुंदीत टेपचे किती सेंटिमीटर मावले ते वाचा. समजा १५० मावले. ३०२४ पिक्सेल भागिले १५०० मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला दोन पिक्सेल. एवढ्यावर मिलिमीटरच्या खुणा वेगळ्या दिसणार नाहीत, सेंटिमीटरचे ठळक आकडे वाचता येतील. मग हेच ५० सेंटिमीटरवरून आणि अडीच मीटरवरून करा. अशा चष्म्यांत फोकस बहुधा कायमचा ठरलेला असतो, फोनसारखा पुढे-मागे होत नाही. त्यामुळे फार जवळ गेलात तर पिक्सेल वाढतात पण धूसरपणा येतो. कुठल्या अंतरावर आकडे सगळ्यात स्वच्छ येतात ते शोधून ठेवा. साइटवर रोज तेवढ्याच अंतरावरून फोटो काढायची सवय लावता येईल.

कॅमेरा फ्रेमच्या कोपऱ्यात आहे, तुमच्या दोन डोळ्यांच्या मधोमध नाही. दूरच्या दृश्यात याचा फरक पडत नाही. हातभर अंतरावर मात्र तुम्ही ज्या कव्हर ब्लॉककडे (सळईखालच्या ठोकळ्याकडे) रोखून पाहताय तो फोटोत एका बाजूला सरकलेला निघतो. पाच-सहा फोटो काढून मान किती वळवायची ते बसवून घ्या. क्षितिजही पाहा. आपली मान सरळ आहे असं आपल्याला वाटतं, पण बहुतेकांची एका बाजूला थोडी कललेली असते. फोनवर तो कल पडद्यावर दिसतो, इथे पडदाच नाही.

उजेडाचे तीन प्रसंग करून पाहा: भर दुपारी उन्हात चमकणारी सळई, खिडकीसमोर उभा माणूस, आणि तळघरातला एका बल्बचा उजेड. चिमुकल्या सेन्सरला तळघर सगळ्यात जड जातं. चालता चालता काढलेला फोटो तिथे हललेला येईल, दोन सेकंद थांबून काढलेला वापरण्याजोगा. फोनच्या फ्लॅशची बरोबरी हा चष्मा करणार नाही. तुमचं निम्मं काम तळघरात आणि लिफ्टच्या खड्ड्यात असेल, तर इथेच थांबून विचार करा.

फोटो काढला म्हणजे काम झालं असं नाही, तो पुरावा म्हणून उपयोगी पडला पाहिजे. चष्म्यातून फोनमध्ये फोटो आले की त्यातल्या एकाची माहिती उघडा. वेळ बरोबर आहे का? ठिकाण नोंदलं आहे का? ठिकाण बहुधा फोनकडून येतं, त्यामुळे फोन ऑफिसात ठेवून तुम्ही आठव्या मजल्यावर असाल तर काय नोंदलं जातं हेही करून पाहा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि उतरवायला लागणारा वेळ मोजा. ५० फोटो आणि ५ छोटे व्हिडिओ चष्म्यातून फोनमध्ये यायला किती मिनिटं लागली, तेवढ्यात किती टक्के बॅटरी गेली? हे काम चष्मा स्वतःच्या वायफायवरून करतो आणि त्यात बॅटरी बरीच खातो. ३२ जीबी साठ्यात कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ५०० हून अधिक फोटो आणि ३० सेकंदांचे १०० हून अधिक व्हिडिओ मावतात. तुम्हाला जागा कमी पडणार नाही, बॅटरी आधी संपेल.

बॅटरीची चाचणी अशी करा. पूर्ण चार्ज करा, पण मोजणी ९० टक्क्यांपासून सुरू करा आणि ४० वर थांबवा. सुरुवातीचे आणि शेवटचे टक्के समान वेगानं उतरत नाहीत, त्यांच्यावर हिशेब केला की चुकतो. पहिल्या दिवशी हाकेचा शब्द चालू ठेवून नुसता घाला आणि दर १५ मिनिटांनी टक्के लिहा. दुसऱ्या दिवशी अर्धा तास कॉल. तिसऱ्या दिवशी घरीच तुमच्या खऱ्या दिवसासारखा वापर: दर दहा मिनिटांनी चार फोटो, दर तासाला एक मिनिटाचा व्हिडिओ, दोन-तीन कॉल. ५० टक्के उतरायला लागलेला वेळ दुप्पट केला की तुमचा आकडा मिळाला. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा, कारण लिथियम बॅटरी झिजते. सुमारे ५०० पूर्ण चार्जनंतर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते हा ढोबळ नियम. तुम्ही दिवसातून दोनदा रिकामा करून भरणार असाल तर ५०० चार्ज २५० दिवसांत संपतात, म्हणजे वर्षभरही नाही. बॅटरी काडीत बंद असते, ती बदलून मिळत नाही. चाळीस हजारांचा हिशेब ही झीज धरून करा.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं, कारण परीक्षणं बहुतेक वातानुकूलित खोलीत होतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात हवेचंच तापमान ४२ अंश असतं. व्हिडिओ चालू असताना काडी आतून तापते आणि तिला थंड व्हायला जागाच उरत नाही. मग चष्मा स्वतःहून रेकॉर्डिंग थांबवतो. तो बिघाड नसतो, बॅटरीचं संरक्षण असतं. तीन मिनिटांचे तीन व्हिडिओ पाठोपाठ सावलीत काढा, नंतर उन्हात काढा, आणि दुसऱ्या वेळी कुठे थांबतो ते पाहा. कानशिलाला लागणारी बाजू तापमापकानं मोजता आली तर उत्तम. बाजारात मिळणारा दुरून मोजणारा तापमापक मॅट प्लास्टिकवर बरोबर सांगतो, चकचकीत धातूवर चुकतो. त्वचेला तास न् तास लागून राहणाऱ्या वस्तूसाठी ४३ अंश ही वरची हद्द मानतात. लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करायची नसते, तेव्हा उन्हातल्या गाडीत डबी ठेवून चार्ज होईल ही अपेक्षा सोडा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर चष्मा कधीच ठेवू नका.

पाण्याबद्दल: पहिल्या पिढीचा दर्जा आयपीएक्स४ आहे. याचा अर्थ चहूबाजूंनी उडालेले शिंतोडे चालतात, एवढाच. क्युरिंगच्या (काँक्रीटवर पाणी मारायच्या) पाइपची धार, नळाखाली धुणं, मुसळधार पाऊस यात बसत नाही. त्यातला एक्स सांगतो की धुळीची चाचणी नोंदलेलीच नाही, आणि सिमेंटच्या धुळीत काम करणाऱ्याला हे ठाऊक हवं. स्पीकरच्या आणि माइकच्या बारीक जाळ्या आधी बुजतात. कोरड्या मऊ ब्रशनं रोज झाडा, फुंकर मारू नका, फुंकरीनं धूळ आत जाते. चार्जिंगचे धातूचे ठिपके घामाच्या मिठानं काळे पडतात, ते संध्याकाळी कोरड्या कापडानं पुसा.

कॉलची चाचणी पंख्यासमोर करा. टेबलफॅनपासून एक मीटरवर बसा, एकच परिच्छेद मराठीत वाचा आणि समोरच्याला कॉल रेकॉर्ड करायला सांगा. मग तोच परिच्छेद चालू मिक्सरजवळ. पाच माइकमुळे तुमचा आवाज बहुधा बरा जाईल, पण तुम्हाला ऐकू येईल का हा खरा प्रश्न. कान उघडे राहतात, म्हणून काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर चालू असताना समोरच्याचं बोलणं बुडतं. उलट शांत मीटिंगमध्ये शेजारच्याला तुमचा कॉल ऐकू जातो. आवाज निम्मा ठेवून घरातल्या कुणाला एक मीटरवर बसवा आणि काय शब्द कळले ते विचारा. चष्म्यातल्या एआयला हाक मारून मराठीत प्रश्न विचारा, साइटवरचे शब्द घालून. रे-बॅन मेटात थेट भाषांतर सुरू झालं ते इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये. मराठीत काय जमतं ते दुकानात स्वतः बोलूनच ठरवा.

काचेतच पडदा दिसणारे चष्मे तुमच्यासाठी नाहीत, थोडक्यात कारण सांगतो. दुपारच्या उन्हात पांढऱ्या भिंतीची चमक २० ते २५ हजार निट्स असते (निट हे चमक मोजायचं माप). मेटाचा डिस्प्ले चष्मा ५,००० निट्सपर्यंत जातो आणि त्यालाही उन्हात गडद होणाऱ्या काचेची मदत लागते. १,००० निट्सवाल्यांची अक्षरं उन्हातल्या भिंतीवर विरून जातात. वायरने फोनला जोडायचे चष्मे प्रवासात सिनेमा पाहायला आहेत, साइटवर चालायला नाहीत.

सगळं पसंत पडलं तर काचांकडे वळा. रे-बॅन मेटात मायनस सहा ते प्लस चारपर्यंतचा नंबर बसतो, तुमचा आरामात बसेल. बाहुल्यांमधलं अंतर दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं मोजून घ्या, आणि प्रोग्रेसिव्हची उंची हीच फ्रेम नाकावर ठेवून मोजायला सांगा, जुन्या चष्म्यावरून नाही. काच पॉलिकार्बोनेटची घ्या, साइटवर तीच बरी. काच चढवताना फ्रेम गरम करायची सवय असलेल्या चष्मेवाल्याकडे हे काम देऊ नका, कंपनीच्या अधिकृत ठिकाणीच करा. उन्हात काळी होणारी काच मोहात पाडेल, पण तुमच्या कामाला ती धोक्याची आहे. उन्हातून जिन्याच्या अंधारात शिरल्यावर तिला उजळायला काही मिनिटं लागतात, आणि कठडा नसलेल्या जिन्यावर ती मिनिटं महागात पडू शकतात. शिवाय कडक उकाड्यात ती म्हणावी तेवढी काळी होतही नाही. साधी पारदर्शक काच घ्या. प्रोग्रेसिव्हचे पैसे चाळीस हजारांतूनच जायचे आहेत हे लक्षात ठेवून मॉडेल निवडा. पहिली पिढी भारतात मे २०२५ मध्ये आली तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून होती.

हा चष्मा सुरक्षा-चष्मा नाही. सळई कापणं, ग्राइंडिंग, काँक्रीट फोडणं चालू असेल तिथे आयएस ५९८३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलाच चष्मा लागतो, गरज पडल्यास नंबरच्या चष्म्यावरून घालायचा. स्मार्ट चष्म्यावर तो बसतो का, तेही दुकानातच पाहून घ्या.

फोटो निघताना पुढचा दिवा लागतो. त्यावर बोट ठेवून फोटो काढून पाहा, चष्म्यानं नकार द्यायला हवा. नकार दिला नाही तर तो नग परत करा. साइटवरच्या मजुरांना आणि मुकादमाला पहिल्याच दिवशी चष्मा दाखवून दिवा कशाचा ते सांगा, कारण त्यांच्या चेहऱ्यांचे फोटो तुमच्या फोनमधून पुढे कुठे जातात हा त्यांच्या हक्काचा प्रश्न आहे. ग्राहकाच्या करारात फोटोबद्दल कलम आहे का ते वाचा. लष्करी छावणीच्या हद्दीतल्या कामावर हा चष्मा घेऊन जाऊच नका. ॲपमध्ये तुमच्या आवाजाच्या नोंदी कुठे साठतात आणि पुसता कशा येतात ते पहिल्या संध्याकाळीच शोधून ठेवा.

आणि दुबईहून किंवा अमेरिकेहून कोणी स्वस्तात आणून देत असेल तर आधी विचारा, इथे वॉरंटी कोण देणार? बिल जीएसटीचं, तुमच्या नावाचं आणि नगाचा क्रमांक लिहिलेलं घ्या. काचांचं बिल वेगळं करून घ्या. काडीत बिघाड झाला तर बदलून येणाऱ्या फ्रेममध्ये याच काचा परत बसतील का, हे त्या बिलावर लिहून मागा.